शिमगा आला की ग्रीन कापायला माणूस नाही : दरवर्षीचं दुखणं आणि रजेच्या तक्त्याची दुरुस्ती

१४ मार्च २०२५, शुक्रवार, धुळवड. पहाटे सव्वापाचला मी शेडचं कुलूप काढलं तेव्हा आमच्या गोल्फ कोर्सच्या ग्रीनचे, म्हणजे चेंडू पाडायच्या होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचे, दोन्ही मॉवर (गवत कापायची यंत्रं) जागेवर होते, पेट्रोल भरलेलं होतं, आदल्या संध्याकाळी धारही बघून ठेवली होती. माणूस मात्र एकच, आणि तोही माळी नव्हे. रात्रपाळीचा वॉचमन, चहा पिऊन घरी निघालेला. पहिला टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची पहिली वेळ, साडेसहाची. शुक्रवारला शनिवार-रविवार जोडून आल्यामुळे मुंबई-पुण्याची मंडळी तिन्ही दिवस भरून. मुकादमकाकांना फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्याला लावला, तेच. तिसऱ्याने उचलला, पण पलीकडून ढोल इतका जोरात की त्याला मी ऐकू जाईना आणि मला तो.

मॉवर मीच घेतला. नऊ ग्रीन आणि सरावाचं एक, अशी दहा. चौथं कापून होतंय तोवर पहिले चौघे खेळाडू माझ्या मागे येऊन उभे राहिले. पुढच्या ग्रीनवर दव तसंच होतं, चेंडू घरंगळला की मागे काळी रेघ उमटायची. होलची जागा रोज बदलायची असते, तीही बदललेली नव्हती. १०८ मिलिमीटर व्यासाचा होल, त्याच्या कडा आदल्या दिवशीच्या बुटांनी तुटून बशीसारख्या पसरलेल्या. दरवर्षी येणारे पुण्याचे एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "ही गोधडी कोणी अंथरली हो?"

सलग तिसऱ्या वर्षी हे झालं होतं. म्हणून त्या वर्षी चिडण्याऐवजी मी बिघाड शोधायला बसलो. तो कुठे सापडला, काय बदललं, काय अजून जमलेलं नाही, ते इथे लिहितोय. आमचा कोर्स छोटा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर), एका रिसॉर्टला लागून, नऊ होलचा. कोर्सवर सव्वीस माणसं, कॅडी (खेळाडूंच्या बॅगा वाहणारे) वेगळे. तुमच्याकडे गोल्फ नसेल, समुद्राकाठचं रिसॉर्ट किंवा बोटिंग असेल, तरी दुखणं बहुधा हेच असणार.

लक्षणं

दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो. या सात महिन्यांत माणसं रोज थोडी थोडी गळत नाहीत. महिना-दीड महिना हजेरीपट चकाचक असतो आणि मग एका आठवड्यात अर्धी शेड रिकामी होते. अर्ज आधी येत नाही. आला तर आदल्या रात्री, व्हॉट्सॲपवर, "साहेब ताप आलाय". आजी वारल्याची बातमीही येते. एका मुलाची आजी आमच्या हजेरीपटाप्रमाणे दोन वर्षांत दोनदा वारली. (दुसरी आईकडची असेल म्हणून मी खोलात गेलो नाही. नंतर ती आजी मला बाजारात भेटली, तब्येत ठणठणीत.) आठवडा संपला की सगळे परत येतात, मान खाली घालून दुप्पट काम करतात, आणि पुढच्या वर्षी तीच गत.

माणसं गळतात पण एकाच ठरावीक आठवड्यात गळतात, हे तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचा. वर्षभर रोज दोन-तीन जण गायब असतील तर तो पगाराचा किंवा मुकादमाचा प्रश्न आहे, त्याला हा उतारा लागू पडणार नाही.

करून पाहिलेले आणि फसलेले उपाय

पहिल्या वर्षी नोटीस लावली: फेब्रुवारी ते मे रजा बंद. परिणाम एवढाच झाला की रजेचे अर्ज थांबले, रजा चालूच राहिल्या. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा म्हटलं, तर तेही आलं. गावातला डॉक्टर कधीतरी ह्याच पोरांच्या वाडीत पालखीला येतो, तो कशाला नाही म्हणेल?

मग शिमग्याच्या आठवड्यात हजर राहील त्याला ज्यादा पैसे जाहीर केले. पैसे घेतले ते एरवीही येणारच होते त्यांनी: पंपावरचा नेपाळी, कार्यालयातली बाहेरगावची दोन मुलं. ज्यांच्यासाठी हे आमिष ठेवलं होतं त्यातला एकही थांबला नाही.

तिसरा प्रयोग 'जो आधी मागेल त्याला'. १ जानेवारीला ग्रुपवर नाव टाका, रोज चारजणांपुरती जागा. रात्री बाराच्या ठोक्याला प्रो-शॉपच्या (कोर्सवरच्या गोल्फ सामानाच्या दुकानाच्या) आणि रिसेप्शनच्या पोरांनी सगळ्या जागा भरून टाकल्या. ग्रीनवरच्या जुन्या माळ्यांकडे बटणांचे फोन. त्यांना हा प्रकार कळला तो दोन तारखेला, चहाच्या वेळी. त्या दिवशी शेडमध्ये कोणी माझ्याशी धड बोललं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

सगळ्यात महागात पडला तो ठेकेदार. त्याने सहा पोरं पाठवली, चांगली, कष्टाळू. पण ग्रीनचा मॉवर म्हणजे घरामागचं गवत काढायचं यंत्र नव्हे. ग्रीन तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापतात. फिरतं रीळ आणि खालचं स्थिर पातं यांच्यात इतकं कमी अंतर असतं की ते बरोबर आहे की नाही हे कागदाची पट्टी धरून बघतात. रीळ हाताने हळू फिरवायचं, पट्टी कात्रीने कापल्यासारखी तुटली पाहिजे. चुरगळली तर गवतही चुरगळणार. त्या पोराने उंचीचा स्क्रू एका बाजूला खाली ठेवून यंत्र लोटलं आणि चौथ्या ग्रीनवर हातभर रुंदीचा पट्टा मुळापर्यंत सोलून काढला. पाडवा आला तरी तो पट्टा तपकिरीच होता.

बिघाड कुठे होता

मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे होळी म्हणजे एक संध्याकाळ, पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी थोडा रंग. त्यामुळे होळीला रजा म्हणजे एक, फार तर दोन दिवस, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्या मार्चनंतर मी तीन वर्षांचे हजेरीपट काढले, प्रत्येक गैरहजेरीपुढे त्या माणसाचं गाव आणि वाडी लिहिली आणि शेजारी इंग्रजी तारखेऐवजी तिथी. मुकादमकाका समोर बसले होते. दहा मिनिटं त्यांनी नुसतं बघितलं आणि कागदावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, ही वरची तेरशीवाली. ही खालची भद्रेवाली. दोन गट हायत."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला होम (मुख्य होळी). काही गावांचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेला. फाक पंचमीपासून (फाल्गुन शुद्ध पंचमी) रोज छोटी होळी लागते ती वेगळीच. होम झाला की ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे गावातल्या पालखी बसवायच्या जागेवरून, निघते आणि वाडीवाडीने, घराघराने फिरते. कुठे चार दिवस, कुठे पार गुढीपाडव्यापर्यंत. कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी, हे गावाच्या बैठकीत ठरतं. आणि पालखी दारात येते त्या दिवशी घर बंद ठेवून चालत नाही. काका म्हणाले, "देव वर्सातून एकदा आमच्या घरी येतोय, आनि आमी हितं पानी मारत उभं ऱ्हायचं काय?" याला उत्तर काय द्यायचं?

दुसरी चूक कार्यालयाची. २०२४ साली धुळवड २५ मार्चला होती. २०२५ चा तक्ता करताना कोणीतरी मागच्या वर्षीचा उचलून चिकटवला आणि मार्चचा शेवटचा आठवडा 'माणसं कमी, बुकिंग कमी घ्या' असा रंगवून ठेवला. धुळवड आली १४ तारखेला. म्हणजे ज्या आठवड्यात शेड भरलेली होती त्यात आम्ही पाहुणे कमी घेतले, आणि रिकाम्या आठवड्यात पूर्ण भरले. गणपतीचंही तसंच: २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट, आणि यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे उडी मारून १४ सप्टेंबर. सण दरवर्षी दहा-बारा दिवसांनी मागे सरकतो आणि अधिक मास आला की अठरा-एकोणीस दिवसांनी पुढे जातो. संगणकातल्या तक्त्याला हे कळत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरला कळतं. आमचं मात्र ते स्वयंपाकघरात लटकत होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. रजेची गरज सगळ्यांची सारखी नसते, आणि मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होतो. सव्वीसपैकी दोघे मानकरी. त्यांच्याशिवाय पालखी हलत नाही, त्यांचे दिवस ठरलेले. तिघे-चौघे खांदा देणारे आणि ढोलवाले, त्यांना पाच-सहा दिवस. एकजण नमन-खेळ्यांत (शिमग्यातल्या नाचगाण्याच्या खेळांत), त्याचा पंधरवडा रात्री गावोगाव जातो. बाकीच्यांना खरं तर हवे असतात दोनच दिवस: होमाची रात्र धरून एक आणि पालखी घरी येते तो एक. मग ते पाच-पाच दिवस गायब का व्हायचे? हे मी एका तरुण माळ्याला विचारलं. तो हसला. "एक मागितला तरी नाय म्हनता, पाच मागितले तरी नायच. मग पाचच घेतो ना." रजा बंदीची नोटीस मी लावली होती आणि गैरहजेरी त्या नोटिशीनेच वाढवली होती.

आणि एक, जे बहुतेक बाहेरून आलेल्या व्यवस्थापकांच्या मनात असतं पण कोणी बोलून दाखवत नाही: ह्यांचं घर तर इथेच आहे, रोज संध्याकाळी घरी जातात, ह्यांना रजा कशाला? मुंबईचा चाकरमानी सणाला गावी येतो तेव्हा आपल्याला ते साहजिक वाटतं. पण तो येतो तेव्हा घर झाडून, सारवून, सामान भरून तयार कोणी ठेवलेलं असतं? गावात राहिलेल्या भावाने. तो भाऊ आमच्याकडे मॉवर चालवतो.

कामाची बाजू : खरंच किती हात लागतात

माणसांचा हिशोब लागल्यावर गवताचा मांडला. इथे मला धक्का बसला, कारण आम्ही रोज करत होतो त्यातलं निम्मं काम रोज करायची गरजच नव्हती.

ग्रीनवर आमच्याकडे बर्म्युडा आहे. म्हणजे कुळाने हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांची बारीक पानांची बहीण. मार्चच्या उन्हात ती जोरात वाढते. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही हा नियम, त्यामुळे तीन मिलिमीटरवरच्या ग्रीनला दोन दिवस विसरलात तर तिसऱ्या दिवशी कापताना ते सोललंच जातं. म्हणजे ग्रीन रोज, होल रोज, पाणी रोज. यात तडजोड नाही. पण एखादा दिवस कापण्याऐवजी नुसता रोलर फिरवला तरी चेंडू नीट धावतो आणि गवताला इजा होत नाही. फेअरवे, म्हणजे टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा, दोन दिवसांआड चालतो. बंकर (वाळूचे खड्डे) पुढच्या बाजूचे रोज, मागचे दिवसाआड. रफ, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत, आठवडाभर बघितलं नाही तरी खेळाडूंपलीकडे कोणी ओरडत नाही, आणि त्यांचा चेंडू तिथे जायला नकोच असतो. कुंपणाची कटाई, फुलझाडं, रस्त्याच्या कडा या सगळ्याला शिमग्यात पूर्ण सुट्टी.

एवढं वजा केल्यावर सकाळी नऊ माणसं पुरतात. ग्रीनवर तीन, होल आणि टीवर दोन, पाण्यावर दोन, बंकरवर एक, आणि एक हाताखाली. सव्वीसपैकी नऊ! तीन वर्षं मी सव्वीसच्या सव्वीस अडवायचा प्रयत्न करत होतो.

अडचण एकच होती: ग्रीनचा मॉवर फक्त चौघांना येत होता आणि चौघेही एकाच गावचे, तेरशीवाले. पावसाळ्यात कोर्स जवळजवळ बंद असतो तेव्हा आणखी पाचजणांना शिकवलं. आधी सरावाच्या ग्रीनवर उंची वाढवून, मग कागदाची पट्टी धरून बघायला. त्यात दोन बायका आहेत. पूर्वी त्यांच्याकडे फक्त खुरपणी होती. त्यातल्या एका मामींची रेघ आज सगळ्यात सरळ येते, हे मुकादमकाकाही मान्य करतात, जरा नाखुशीने.

तक्ता

मार्गशीर्षात एका दुपारी शेडमध्ये सगळे बसतो. चहा, भजी, आणि ड्रॉइंगचा मोठा कागद. प्रत्येकाच्या नावापुढे रकाने: गाव-वाडी, शिमगा तेरसा की भद्रेचा, पालखीत काही मान आहे का, गणपती किती दिवसांचा, गावची जत्रा, स्वतःची आंब्या-काजूची बाग आहे का. कागद भिंतीवर राहतो, फोनमध्ये नाही. ज्याला वाचता येत नाही तोही आपल्या वाडीचा रंग ओळखतो.

मानकऱ्यांचे दिवस पेनने लिहितो. त्यावर चर्चा नाही. बाकीचे पेन्सिलने, कारण पालखीचं वेळापत्रक गावाची बैठक झाल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि ती शिमग्याच्या जेमतेम काही दिवस आधी होते. बैठक झाली की ज्याने-त्याने येऊन पेन्सिल खोडायची आणि पेन चालवायचा. पालखी घरी येण्याचा दिवस मागितला की मिळतोच, एवढं मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पहिल्याच वर्षी फरक दिसला. दिवस मिळणारच आहे म्हटल्यावर पाचजणांनी आपणहून पाचाचे दोन केले.

दोन गट असल्याचा फायदा असा की साटंलोटं आपोआप जमतं. तेरशीवाल्यांचा होम असतो तेव्हा भद्रेवाले मॉवर धरतात, मग उलट. एका घरातले दोघे भाऊ असतील तर कोण कधी, हे त्यांनी घरी ठरवायचं. त्या भांडणात मी पडत नाही.

फेअरवेचा आमचा चालक मुसलमान आहे, खाडीपलीकडच्या गावचा. पूर्वी आम्ही गृहीत धरायचो की शिमग्यात तो आहेच. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतोय आणि गेली दोन वर्षं शिमगा नेमका रोज्यांत आला. तो सहेरी करून पहाटे पाचला हजर होतो, नऊपर्यंत काम उरकतो आणि उन्हाआधी सुटतो. ही पाळी त्यानेच सुचवली. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला आली, तेव्हा मात्र दोन्हीकडची माणसं एकदम हवी होती आणि आम्ही उताणे पडलो. आता ईदचा रकानाही त्याच कागदावर आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय सापडला तो माणसांऐवजी घड्याळ हलवण्याचा. धुळवडीला पहिला टी-टाइम साडेसहाऐवजी साडेनऊ, आणि बुकिंग घेतानाच तसं सांगायचं. कारणही सांगायचं. यंदा दोन कुटुंबांनी उलट विचारलं, पालखी बघायला मिळेल का? काका त्यांना आपल्या वाडीत घेऊन गेले.

एक नियम मात्र दगडावरची रेघ आहे. रात्रभर खेळ्यांत नाचून आलेल्याच्या हातात सकाळी यंत्र द्यायचं नाही. आमचा नमनातला माणूस ग्रीनवरचा हुकमी हात. एका वर्षी तो "येतो साहेब, जमतंय" म्हणून आला, बसून चालवायच्या मॉवरवर बसला आणि सहाव्या होलवर डुलकी लागली. चाकांचा माग दवातून अगदी सरळ बंकरच्या काठापर्यंत गेला होता. पुढचं चाक वाळूत रुतून यंत्र थांबलं म्हणून वाचलो. आता त्याला पंधरवड्याची हक्काची रजा देतो, आणि तो पावसाळ्यात भरून काढतो.

कायद्याचा भाग, आणि डिसेंबरची वेगळी गळती

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. आमच्याकडे त्या चार मुंबईहून छापून यायच्या आणि त्यात नाताळ होता, ज्या दिवशी इथे एकही माणूस सुट्टी घेऊ शकत नाही. ते बदलून घेतलं. आता त्यात गणेशचतुर्थी आहे आणि शिमग्याचा दिवस आहे, सगळ्यांच्या सह्यांनिशी. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट मजुरी आणि बदली रजा, दोन्ही द्यावं लागतं. ते न कुरकुरता आणि त्याच महिन्यात द्या. उधारीवर ठेवलेली बदली रजा शेवटी एप्रिलातच मागितली जाते.

डिसेंबरअखेर माणसं का गळतात याचं कारणही याच कायद्यात सापडलं. आठ नैमित्तिक रजा दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीला न वापरलेल्या बुडतात. मग २० डिसेंबरनंतर जो-तो उरलेल्या चार-पाच संपवायला बघणार, आणि नेमका तोच आमचा सगळ्यात भरलेला पंधरवडा. यात शिमग्यासारखं काही नाही, नुसता हिशोब. ऑगस्टपासून दर महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'शिल्लक नैमित्तिक' असा एक आकडा छापायला लागलो आणि मुकादमकाका लोकांना लावणीच्या नि भातकापणीच्या दिवसांत त्या घ्यायला लावतात. अर्जित रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येतात, त्यांची घाई नाही, हेही समजावून सांगावं लागतं. बऱ्याच जणांना वाटत होतं की सगळ्याच बुडतात.

गणपतीचं फार लिहीत नाही, कारण तेव्हा पाहुणे कमी. पण पावसात गवत मात्र कंबरेला लागायला बघतं. तिथे रकाना एकच बघायचा: दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा, की अनंत चतुर्दशीचा. विसर्जनं आपोआप वेगवेगळ्या दिवशी येतात, पाळ्या त्याप्रमाणे लावल्या की झालं. घरात नवी सून असेल आणि तिचा पहिला ओवसा (गौरीला सूप वाहायचा विधी) असेल तर तो दिवस पेनने.

अजून न सुटलेलं

एप्रिलातले कॅडी. त्यांना पगार नाही, फेरीमागे पैसे. हापूस पाडाला लागला की बागायतदार पहाटेच गाडी घेऊन वाडीत येतो, आणि झेल्याने आंबा उतरवणाऱ्या, पेट्या भरणाऱ्या हाताला त्या दिवसांत आमच्यापेक्षा चांगला भाव मिळतो. तो रजेचा प्रश्नच नाही, मजुरीचा आहे, आणि मी तो रजेच्या तक्त्यात कोंबायचा प्रयत्न सोडून दिला. हाताने ओढायच्या ट्रॉल्या घेतल्या आहेत. पाहुणे कुरकुरतात पण ओढतात.

स्वयंपाकघरात मालवणकडचा एक आचारी आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्यामुळे मार्गशीर्षात त्याच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक माणूस कायम जादा धरून ठेवतो, तारीख जाहीर झाली की ती जागा त्याची. सुतकालाही तीच राखीव जागा. तिथे प्रश्न विचारायचे नाहीत, सर्टिफिकेट मागायचं नाही, एवढं ठरवलंय, मग आजी कितव्यांदा का वारेना.

यंदा शिमगा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आठवड्याच्या मध्येच आला, म्हणून सोपं गेलं. धुळवडीला सकाळी शेडमध्ये नऊ लागत होते, दहा होते. पुढचं वर्ष अवघड आहे. अधिक मासामुळे २०२७ ची होळी-धुळवड २१-२२ मार्चच्या आसपास, रविवार-सोमवारी जोडून येते. त्याच आठवड्यात, २६ तारखेला गुड फ्रायडे, म्हणजे पालख्या फिरत असताना लागोपाठ दोन मोठे शनिवार-रविवार. मुकादमकाकांनी कागद आत्ताच मागून घेतलाय. त्यावर सध्या दोनच नावं आहेत, दोन्ही मानकऱ्यांची, पेनने.